बल्बवाला नव्हे, बॅटरीवाला एडिसन

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

मागच्या वर्षी ऐन ओरल्सच्या तोंडावर माझ्या मोबाईलची पाठ फुगली. म्हणजे अक्षरशः फुगली, तव्यावरची भाकरी फुगते तशी! आधी वाटलं कव्हर सैल झालं असेल. मग स्क्रीनच्या कडेला फट दिसायला लागली तेव्हा कुठे ट्यूब पेटली. फोन घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अॅडमिशन झाली तेव्हा बाबांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिला होता. मी घरी फोन केला (पार्टनरच्या मोबाईलवरून) आणि सांगून टाकलं की कंपनीच बोगस आहे, काय करणार! बाबांनी काही उलटतपासणी केली नाही, पैसे पाठवले.

दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा माझ्याच वयाचा असेल. त्याने फुगलेली बॅटरी अलगद सोडवून वाळूच्या डब्यात ठेवली आणि काम करता करता सहज विचारायला लागला. रात्रभर चार्जिंगला लावून झोपतोस का, उशीखाली ठेवतोस का, चार्जिंग चालू असताना गेम खेळतोस का, आणि अधूनमधून पार झिरोवर नेऊन फोन बंद पाडतोस का. चारही प्रश्नांना माझं उत्तर हो होतं. मी नुसताच हसलो. कंपनी बोगस नव्हती हे तिथेच कळलं, पण घरी ते अजून सांगितलेलं नाही. बाबांच्या हातात हे मॅगझिन पडलं तर कळेलच.

त्याच आठवड्यात ओरल होती आणि सरांनी मला नेमका एडिसन सेल विचारला. आपल्या थेराजाच्या पुस्तकात लेड अॅसिडच्या शेपटाला हा सेल येतो. निकेल, लोखंड, कॉस्टिक पोटॅश, दीड-दोन पानांचा मजकूर. बहुतेक जण तो ऑप्शनला टाकतात. मी फायदे म्हणून तीन मुद्दे सांगितले, त्यात एक 'दीर्घायुष्य'. सरांनी विचारलं, दीर्घायुष्य कशामुळे? मी गप्प. सर म्हणाले की ज्या माणसाने हे दीर्घायुष्य मिळवण्यासाठी आपल्या आयुष्यातली दहा वर्षं घातली त्याच्याबद्दल निदान दहा मिनिटं वाचून ये. मार्क दिले, ते त्यांच्या चांगुलपणामुळे. मी सुट्टीत खरोखरच वाचलं. दहा मिनिटांवर भागलं नाही.

मित्रांनो, एडिसन आपल्याला शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यामुळे माहीत असतो. हजार वेळा अपयश आलं, मग बल्ब पेटला, वगैरे. पण बल्बची गोष्ट त्याच्या आयुष्याच्या तिशीतली. पन्नाशी उलटल्यावर तो ज्याच्या मागे लागला ती गोष्ट तक्त्यावर नसते.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. १८५४ मध्ये घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला हललं. शाळेत काही महिनेच टिकला. आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी पोरगा पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट धावणाऱ्या आगगाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकायला लागला. सामानाच्या डब्यात त्याने स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली होती. एकदा फॉस्फरस सांडून डब्याला आग लागली आणि बिऱ्हाड बाहेर फेकलं गेलं. ऐकायला त्याला लहानपणापासूनच कमी यायचं, पुढे जवळजवळ बहिराच झाला. १८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने डब्याखाली येण्यापासून वाचवलं आणि बक्षीस म्हणून त्या बापाने त्याला तारयंत्र शिकवलं.

इथे आपण इलेक्ट्रिकलवाल्यांनी जरा थांबायला हवं. त्या काळात गावात वीज नव्हती, पण तार ऑफिसात होती. ती यायची कुठून? तर काचेच्या बरण्यांत अॅसिड आणि धातूच्या पट्ट्या घालून केलेल्या सेलमधून. म्हणजे तारमास्तर हा आपसूकच बॅटरीमास्तरही असायचा. एडिसनचे हात आधी बॅटरीच्या अॅसिडने भाजले, बल्ब नंतर आला. १८६७ मध्ये लुईव्हिल शहरात रात्रपाळीला असताना प्रयोगासाठी अॅसिड काढताना त्याच्या हातून मोठी बरणी कलंडली. अॅसिड फळ्यांच्या फटीतून खालच्या मजल्यावर, थेट साहेबाच्या टेबलावर आणि गालिच्यावर! दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये बीकर फुटला की फाइन बसतो, त्यापेक्षा हे जरा महागात पडलं.

पुढचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून भरभर सांगतो. १८६९ मध्ये पहिलं पेटंट, मतं नोंदवणाऱ्या यंत्राचं. ते कोणीच घेतलं नाही. मग शेअर बाजारातले भाव छापणारी यंत्रं, त्यातून पैसा. १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये टिकाऊ बल्ब आणि ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीज केंद्र. पहिली पत्नी मेरी १८८४ मध्ये वारली. १८८६ मध्ये मीनाशी दुसरं लग्न झालं. या मीनाला त्याने मोर्स कोड शिकवला होता आणि लग्नाची मागणी तिच्या हातावर बोटाने टकटक करून घातली होती असं सांगतात. (हॉस्टेलवरच्या काही मंडळींनी हे नोंदवून ठेवावं. डिजिटल कम्युनिकेशनचा असाही उपयोग असतो.)

हॉस्टेलमध्ये एडिसनचं नाव काढलं की कोणीतरी टेस्लाची बाजू घेऊन उठतोच. माझा पार्टनरही उठला. त्याचं खरंही आहे. एडिसन डीसीला चिकटून बसला, एसी दूरवर नेता येते हे त्याने मान्य केलं नाही आणि एसी किती घातक आहे हे दाखवायला त्याच्या प्रयोगशाळेत मुक्या जनावरांना शॉक देऊन मारण्याचे प्रयोग झाले. ते वाचून मलाही घाण वाटली. लढाई एसीने जिंकली. १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी झाली त्यात एडिसनचं नावसुद्धा उरलं नाही. पण एक गंमत पाहा. आपल्या रूमच्या बोर्डात २३० व्होल्टची एसी येते, चार्जर तिला डीसी करतो आणि मोबाईलमध्ये शेवटी डीसीच भरली जाते. एसी कुठल्याही बॅटरीत साठवताच येत नाही. टेस्लाच्या नावाची मोटारसुद्धा साठवलेल्या डीसीवरच धावते. पार्टनरला हे सांगितल्यावर तो मेसला एकटाच निघून गेला.

यानंतर एडिसनने आणखी एक मोठा फटका खाल्ला. न्यू जर्सीतल्या ऑग्डेन्सबर्गच्या डोंगरात हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंडाची भुकटी वेगळी काढायचा कारखाना त्याने काढला. १८९० चं जवळजवळ अख्खं दशक आणि वीजधंद्यातून आलेला पैसा त्यात गेला. चांगलं खनिज दुसरीकडे स्वस्तात सापडलं आणि कारखाना बंद पडला. वय बावन्न-त्रेपन्न. कान गेलेले. आपल्याकडे या वयात लोक रिटायरमेंटचा हिशोब मांडतात.

आणि १८९९ मध्ये या गृहस्थाने बॅटरी हातात घेतली.

का? तर रस्त्यावर मोटारी दिसायला लागल्या होत्या. त्या वेळी अमेरिकेत तीन प्रकारच्या गाड्या होत्या, वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या. १९०० साली तिथे बनलेल्या गाड्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त विजेच्या होत्या! विजेची गाडी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, हँडल मारून सुरू करावी लागत नाही. अडचण एकच, बॅटरी. लेड अॅसिड बॅटरी फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ मध्ये शोधलेली. शिशाच्या प्लेटा म्हणजे वजनाला धोंडा. आत गंधकाम्ल, म्हणजे आजूबाजूचं सगळं खाणारं. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. धक्के बसले की प्लेटांवरचा माल गळतो. आपल्या लॅबचे मामा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालताना ज्या शिव्या देतात त्या सव्वाशे वर्षं जुन्या आहेत.

विशेष म्हणजे १८८३ मध्ये याच एडिसनने साठवणीच्या बॅटऱ्या म्हणजे भोळ्या गुंतवणूकदारांना लुबाडायचं साधन आहे अशा अर्थाचं जाहीर मत दिलं होतं. आणि १८९६ मध्ये आपल्याच एका वीज कंपनीतल्या तरुण इंजिनियरला, पेट्रोलच्या गाडीचाच नाद धर म्हणून त्याने प्रोत्साहन दिलं होतं. त्या तरुणाचं नाव हेन्री फोर्ड. हे दोन धागे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

एडिसनचा विचार मुळापासून वेगळा होता. अॅसिडच नको. अॅसिड पेटीलाही खातं आणि प्लेटेलाही. त्याऐवजी अल्कली, म्हणजे कॉस्टिक पोटॅशचं द्रावण घ्यायचं, त्यात लोखंड टिकतं. मग धातूंच्या जोड्या लावून बघायच्या. तांबं, कोबाल्ट, कॅडमियम, काय काय पाहिलं. नऊ-दहा हजार प्रयोग झाल्याचं त्याच्या चरित्रात येतं. शेवटी एका बाजूला निकेलचं हायड्रेट आणि दुसऱ्या बाजूला लोखंड ही जोडी जमली. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा संशोधक त्याच सुमारास याच वाटेवर होता. निकेल-कॅडमियमची बॅटरी त्याचीच. दोघांच्यात पेटंटवरून चांगलीच जुंपली. युंगनरकडे एडिसनएवढा पैसा नव्हता हेही इथे सांगायला हवं.

१९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि गाजावाजाही सुरू झाला. एडिसनची ही एक खोड होती, प्रयोगशाळेत अर्धवट शिजलेलं असतानाच वर्तमानपत्रांत ताट वाढलेलं असायचं. १९०३ मध्ये ई टाईपचे सेल बाजारात आले. गाड्यांत बसले, मालवाहू गाड्यांत बसले, मागणी वाढली. आणि मग सेल परत यायला लागले. काहींचे डबे सांध्यांतून गळत होते. पण खरी गोम वेगळी होती. नवा असताना सेल भरपूर चालायचा, पण काही महिने चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर काही सेलची क्षमता बरीच खाली यायची, काहींची तीस टक्क्यांपर्यंत. सगळ्यांची नव्हे, काहींचीच. आणि कोणते बिघडतील हे आधी सांगता येत नव्हतं.

इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. कारण हे माझ्या मोबाईलचंच वर्णन आहे. पहिल्या दिवशी शंभर टक्के दाखवायचा, दीड वर्षाने पण शंभर टक्केच दाखवायचा. पण पहिल्या दिवशीचे शंभर आणि दीड वर्षानंतरचे शंभर यांत फरक होता. हंडा तोच दिसतो, पण आत गाळ साचलेला असतो. सकाळी फुल करून लेक्चरला गेलो की दुपारच्या प्रॅक्टिकलला मोबाईल माना टाकायचा.

एडिसनपुढे आता सरळ प्रश्न होता. बहुतेक गिऱ्हाइकं खूश होती. ऑर्डरी येत होत्या. लेड अॅसिडपेक्षा त्याचा माल तरीही बरा होता. खनिजाच्या धंद्यात पैसा बुडालेला, नव्या कारखान्यात आणखी घातलेला. चालू ठेवलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. एडिसनने कारखाना थांबवला. विकलेले सदोष सेल परत घेतले. वर्ष होतं १९०४. त्याच्याबद्दल माझं मत ज्या एका गोष्टीने बदललं ती ही. जनावरांना शॉक देणारा तोच आणि सेल परत घेणाराही तोच, दोन्ही खरं आहे.

मग पुन्हा पाच वर्षं. काय काय केलं ते मला वाचताना परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त आवडलं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

निकेल हायड्रेट विजेचं चांगलं वाहक नाही. म्हणून त्यात आधी ग्रॅफाईट मिसळत. पण चार्ज करताना ते ग्रॅफाईटच हळूहळू जळायचं, म्हणजे ऑक्सिडाईझ व्हायचं, आणि वाट बंद व्हायची. माल आत आहे पण वीज त्याच्यापर्यंत पोचत नाही. क्षमता कमी होण्यामागचं मोठं कारण हे होतं. एडिसनने ग्रॅफाईट काढून शुद्ध निकेलचे वर्ख घातले. हो, मिठाईवर चांदीचा असतो तसा वर्ख! फिरत्या पिंपावर विजेने तांब्याचा एक थर, निकेलचा एक थर, पुन्हा तांब्याचा, पुन्हा निकेलचा असे थरावर थर चढवायचे, मग तो पत्रा सोलून त्याचे बारीक तुकडे करायचे आणि तांबं विरघळवून टाकायचं. उरतात ते केसाहून कितीतरी पातळ निकेलचे पापुद्रे. मग बारीक भोकं पाडलेल्या पोलादी नळ्या घ्यायच्या, पेन्सिलीसारख्या. त्यात एक थर हायड्रेटचा, एक थर वर्खाचा असं ठासत जायचं, एका नळीत शेकडो थर. नळीभोवती पोलादी कड्या, म्हणजे आतला माल फुगला तरी नळी फाटणार नाही. (फुगण्याचा बंदोबस्त त्याने केला होता, लक्षात घ्या. मी उशीखाली मोबाईल ठेवून तो उधळून लावला असता.) डबा निकेल चढवलेल्या पोलादाचा, सांधे वितळवून जोडलेले.

आणि सगळ्यात नवल वाटलं ते याचं. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात त्याने थोडं लिथियम हायड्रॉक्साईड घालून पाहिलं. सेलची क्षमता वाढली आणि टिकलीही. त्याचं पेटंट १९०८ चं आहे. आज ज्या लिथियमवर आपले मोबाईल चालतात ते लिथियम शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एडिसनच्या बॅटरीत चिमूटभर होतं! अर्थात काम वेगळं. तिथे ते मसाल्यातल्या मिठासारखं, आपल्या बॅटरीत तेच मुख्य अन्न. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये, आणि तिच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, नोबेल मिळालं २०१९ मध्ये.

नवे ए टाईपचे सेल १९०९ मध्ये तयार झाले. या खेपेला आधी चाचणी, मग गाजावाजा. सेल यंत्रावर लाखो वेळा आपटले. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकले. पुन्हा पुन्हा चार्ज करून पुन्हा पुन्हा उतरवले, आणि मोजमाप नव्या सेलचं नव्हे, तर झिजलेल्या सेलचं ठेवलं. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला.

ही बॅटरी म्हणजे गावाकडचा बैल होता. जास्त चार्ज केली तरी फारसं बिघडत नाही. पूर्ण उतरवून महिनोन् महिने कोपऱ्यात टाकली तरी पुन्हा भरता येते. शॉर्ट केली तरी मरत नाही. आणि आपली मोबाईलची बॅटरी? रेसचा घोडा. वजनाच्या मानाने कितीतरी पट ताकद, पण नखरे फार. म्हणूनच एडिसनच्या बॅटरीला चालणाऱ्या सवयी आपल्या बॅटरीला चालत नाहीत. माझ्या काकांनी मोबाईल घेताना बजावून सांगितलं होतं की पूर्ण उतरू दे, मगच लाव. काका चुकीचं सांगत नव्हते, जुनं सांगत होते. तो नियम युंगनरच्या निकेल-कॅडमियमचा, जिला अर्धवट चार्जची सवय लागून जाते. लिथियमला ती सवय लागत नाही. तिला उलट पार झिरो आणि गच्च शंभर ही दोन्ही टोकं जाचतात. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ती सुखात असते. दिवसातून दोनदा थोडं थोडं लावलं म्हणून काही बिघडत नाही, कारण सायकल मोजली जाते ती एकूण शंभर टक्के खर्च झाल्यावर, पिन किती वेळा खुपसली त्यावरून नाही. रात्रभर लावून ठेवला तर चार्जिंगचं सर्किट ओव्हरचार्ज होऊ देत नाही हे खरं, पण बॅटरी तासन् तास शंभरावर ताणून बसते, आणि त्यात ती उशीखाली गरम होत असेल तर आतलं रसायन झिजायला आणखी हातभार. उष्णता हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. मे महिन्यात टेरेसवरच्या टाकीशेजारी फोन ठेवून गाणी लावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आता ऐंशी टक्क्यांवर थांबायची सोय असते, मी नव्या बॅटरीला ती चालू केली आहे. आणि बॅटरी एकदा फुगली की तिला टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही, सरळ दुकान गाठायचं. मी फुगलेला फोन दोन दिवस वापरला होता, वर पुस्तक ठेवून दाबायचा प्रयत्नही केला होता. आठवलं की अंगावर काटा येतो.

तर, बॅटरी जमली. पण ज्या गाडीसाठी ती केली ती गाडी निघून गेली होती! १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, स्वस्त, पेट्रोलवर चालणारी. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, म्हणजे हँडल मारायचा त्रासही संपला. आणि त्या स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट लागतो, तो द्यायला लेड अॅसिडच बरी. एडिसनच्या सेलचा आतला रोध जास्त, थंडीत तर तो आणखी मंदावतो. म्हणजे ज्या पोराला पेट्रोलच्या नादाला लावलं त्याच पोराच्या गाडीने एडिसनच्या बॅटरीचं मैदान घेतलं. तरी फोर्डने त्याला शेवटपर्यंत गुरू मानलं, बॅटरीच्या धंद्याला मोठं कर्जही दिलं. १९१४ मध्ये दोघं मिळून स्वस्त विजेची गाडी काढणार अशी बातमी आली होती. ती गाडी बाजारात आलीच नाही.

बॅटरी मात्र वाया गेली नाही. शहरातल्या मालवाहू गाड्या, रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, शेतावरच्या घरांतली वीज, असल्या ठिकाणी तिने बस्तान बसवलं. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीचे दिवे स्फोटाला कारण व्हायचे, तिथे कामगाराच्या टोपीवरचा विजेचा दिवा या बॅटरीवर चालायला लागला. काही वर्षांतच ती एडिसनच्या सगळ्यात फायद्याच्या मालांपैकी एक झाली.

याच यशाने घातही केला. पाणबुडीत लेड अॅसिडला समुद्राचं पाणी लागलं की विषारी क्लोरीन होतो, एडिसनच्या बॅटरीत तो धोका नाही, म्हणून अमेरिकी नौदलाने ई-२ या पाणबुडीत ती बसवली. पण या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत बॅटऱ्यांची चाचणी चालू असताना साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि आतल्या काही माणसांचा जीव गेला. चौकशी झाली. एडिसनच्या माणसांनी हवा खेळती न ठेवल्याचा दोष दाखवला. पण ज्या बॅटरीची सुरक्षितता हाच डंका होता तिच्याजवळ माणसं मेली होती, त्या नावाला लागलेला डाग पुसला गेला नाही.

त्याआधी डिसेंबर १९१४ मध्ये वेस्ट ऑरेंजच्या त्याच्या कारखान्यातल्या बऱ्याच इमारती आगीत गेल्या होत्या. सदुसष्टाव्या वर्षी त्याने त्या पुन्हा उभ्या केल्या. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंजलाच त्याचं निधन झालं. नावावर १०९३ अमेरिकी पेटंटं, त्यांतली १४१ बॅटरीची. त्याची बॅटरी कंपनी १९७२ मध्ये विकली गेली आणि १९७५ मध्ये त्या सेलचं उत्पादन थांबलं. म्हणजे बनवणारा गेल्यावरही चव्वेचाळीस वर्षं त्या कारखान्यातून माल निघत होता.

सुट्टी संपल्यावर मी सरांना हे सगळं सांगायला गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि मशीन्स लॅबच्या मामांकडे पाठवलं. मामांनी दाराकडे बोट दाखवलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे इतकी वर्षं एक काळवंडलेला पोलादी डबा अडकवलेला असतो, आपण सगळ्यांनी त्याला पाय लावून झालेला आहे. तो निकेल-आयर्न सेल निघाला! कधीकाळी प्रॅक्टिकलसाठी आणलेला, सिलॅबस बदलल्यावर टाकून दिलेला. मी मल्टिमीटर लावला, शून्य. आत द्रावणच नाही, नुसती खडखडीत कोरडी पांढरी पुटं. मामा म्हणतात धुऊन, नवीन पोटॅश भरून, दोन-चार वेळा हळूहळू चार्ज करून बघू, उठला तर उठला. केमिस्ट्री लॅबला पोटॅशसाठी अर्ज दिला आहे, त्यावर अजून सही व्हायची आहे. तोपर्यंत दाराला वीट लावली आहे.